साथीला कोण होतं?



दर महिन्याला आम्ही इथे बचत गटाच्या कामाचं काही ना काही सांगतो. कधी कर्जफेड, कधी शेळीपालन, कधी बँकेचे कागद. आज विषय पेटीचा आहे. आमच्या गटात पेटी म्हटलं की आधी पैशाची पेटी आठवते, ती कुलूप लावलेली. पण आज बोलायचं आहे ते गाण्याच्या पेटीबद्दल, आणि ती आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाजवणाऱ्या माणसांबद्दल.

सुरुवात एका हिशेबापासून झाली. महिला दिनाला आमच्या ग्रामसंघाने कार्यक्रम केला. शाळेच्या मुलांनी समूहगीत म्हटलं, आमच्या महिला भजनी मंडळाने भजन केलं. दुसऱ्या दिवशी खर्च वाचायला बसलो. मंडप, खुर्च्या, माईक, चहा-पोहे, पाहुण्यांसाठी शाल आणि नारळ. सगळं पावतीसकट बरोबर. तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, “आणि मास्तरांचं काय?”

मास्तर म्हणजे आमच्या गावचे पेटीमास्तर. मुलांच्या गाण्याला तेच, आमच्या भजनाला तेच. चार तास मांडी घालून बसले होते. आभार मानताना आम्ही मंडपवाल्याचंसुद्धा नाव घेतलं, त्यांचं राहिलं. मग आम्ही जुन्या वह्या काढल्या. अकरा वर्षांच्या वह्यांत मास्तरांच्या नावाची एक ओळ सापडली नाही. त्या वह्या लिहिणाऱ्या आम्हीच. तेव्हा दोष दुसऱ्या कुणावर टाकायला जागा नव्हती.

त्यानंतर आम्ही मास्तरांकडे चार-पाच संध्याकाळी जाऊन बसलो. गावच्या वाचनालयातली पुस्तकं चाळली. ही पेटी आली कुठून, आणि ती वाजवणारा कायम मागे का राहिला, ते समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

आपल्याला वाटतं, पेटी म्हणजे आपली, देवळातली. पण तिचा जन्म परदेशातला. फ्रान्समध्ये, पॅरिसला, अलेक्झांडर देबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियम या नावाने तिचा हक्क नोंदवला. ती पेटी म्हणजे टेबलाएवढं धूड. खुर्चीवर बसायचं, दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. साहेब लोक आणि पाद्री यांच्याबरोबर ती हिंदुस्थानात आली.

पण आपलं गाणं खुर्चीवर बसून होत नाही. गाणारा जमिनीवर, ऐकणाराही जमिनीवर. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी आपल्या कारागिरांनी तिचे पाय काढून टाकले आणि भाता मागे आणला. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने सूर. या कामात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांचं आणि त्यांच्या द्वारकिन या दुकानाचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं. धूड होतं ते एका माणसाला उचलून नेता येईल एवढं झालं.

मग ती गावोगाव पसरली, आणि त्याला साधी कारणं आहेत. तंबोरा दर वेळी लावावा लागतो आणि तो लावायला तयार कान लागतो. सारंगी शिकायला वर्षं जातात. पेटीचे सूर मात्र एकदा जुळवले की बराच काळ तसेच राहतात. माईक नसतानाही देवळाच्या दारापर्यंत ऐकू जाते. एक सूर बिघडला तर तेवढीच पट्टी दुरुस्त करता येते. शाळामास्तर, शिंपी, पोस्टमन असा कुणीही कामधंदा सांभाळून शिकू शकतो. म्हणून भजनी मंडळात टाळ-मृदंगाच्या शेजारी पेटी आली, आणि शाळेच्या प्रार्थनेलाही आली.

रंगभूमीवरही तिने जागा धरली. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगमंचावर आलं. पुढे संगीत नाटकाला पायपेटीची, म्हणजे ऑर्गनची, साथ हवीच अशी रीत पडली. आपल्या कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे त्या काळातले मोठे पेटीवादक. जन्म १८८१ चा. ते भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गवयाच्या साथीला बसत. १९११ सालच्या ‘संगीत मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्या. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९३२ साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला, त्यात हरिश्चंद्राचं काम त्यांनी केलं आणि संगीतही त्यांनीच दिलं.

गोविंदरावांचं नाव राहिलं, कारण ते चाली बांधणारे होते, नट होते, लेखकही होते. पण त्याच काळात गावोगावच्या भजनाला आणि मेळ्यांना जे पेटी वाजवत होते, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात शोधायची? ती सापडत नाहीत. गाणाऱ्याचं नाव फलकावर, चाल बांधणाऱ्याचं पुस्तकात, आणि साथीला कोण होतं, ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीत. ऐकणारे गेले की तेही गेलं.

आता एक गोष्ट सांगतो, ती रेडिओवरून सांगताना आम्हालाच कसंसं होतं. ज्या पेटीबद्दल आम्ही रेडिओवर बोलतो आहोत, तिला एके काळी रेडिओनेच बाहेर ठेवलं होतं. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. पेटीच्या साथीने गायचं नाही, असा नियम झाला. ही बंदी महिना-दोन महिन्यांची नव्हती. देश स्वतंत्र झाला तरी ती चालूच राहिली. १९७१ साली ती सैल झाली आणि साथीपुरतं पेटीला दार उघडलं. मध्ये एकतीस वर्षं गेली.

बंदी घालणारे काही वेडे नव्हते, त्यांचंही ऐकलं पाहिजे. आपल्या गाण्यात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जायचं असतं, तिला मींड म्हणतात. पेटीला ती येत नाही, कारण तिची पट्टी दाबली की ठरलेला सूरच निघतो. दुसरं, तिचे बारा सूर विलायती हिशेबाने सारख्या अंतरावर बसवलेले. त्यामुळे तिचा गंधार आपल्या कानाला हव्या त्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. रवींद्रनाथ टागोरांना पेटी मुळीच पसंत नव्हती, आपल्या शांतिनिकेतनात त्यांनी ती येऊ दिली नाही. रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणारे जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकारही तिच्याविरुद्ध लिहीत होते. शिवाय परदेशी वाद्य नको, हीही भावना होतीच. आणि पेटी आल्यावर सारंगीवाल्यांची साथ कमी होत गेली, हेही खोटं नाही.

हे सगळं खरं धरलं, तरी आमच्या मनात एक प्रश्न उरतो. नियम करताना गवयाच्या गळ्याचा विचार झाला. पण देवळात बसलेल्या पन्नास माणसांचा, शाळेतल्या साठ पोरांचा विचार झाला का? त्यांच्यातला कुणी मींड घ्यायला बसलेला नसतो. त्यांना हवा असतो एक पक्का सूर, ज्याला सगळ्यांनी धरून राहायचं. तो सूर पेटी देत होती. म्हणून रेडिओने दार लावलं तरी गावातली पेटी थांबली नाही. सप्ताह चालू राहिले, गणपतीतले मेळे चालू राहिले, शाळांची प्रार्थना चालू राहिली. या एकतीस वर्षांत पेटी टिकली ती मोठमोठ्या सभागृहांत टिकली तशी देवळांच्या आणि शाळांच्या ओसरीवरही टिकली.

त्या पिढीतले एक मोठे नाव आमच्या भागातलंच आहे, पंडित रामभाऊ विजापुरे. जन्म १९१७ चा, कागवाडचा. कागवाड म्हणजे मिरजेहून फार दूर नाही, आता ते कर्नाटकात येतं. त्यांनी बेळगावात संगीत विद्यालय चालवलं. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल अशा गायकांना साथ केली. पण बेळगावची जुनी माणसं त्यांची आठवण सांगतात ती शिकवणारे म्हणून. आधी एका पिढीची मुलं आली, मग त्या मुलांची मुलं आली. मराठी बोलणारी आली, कानडी बोलणारीही आली. २०१० साली ते गेले तेव्हा वय त्र्याण्णव होतं.

आम्ही कागदावर सहज हिशेब मांडला. बंदी आली तेव्हा रामभाऊ जवळजवळ तेवीस वर्षांचे होते. सैल झाली तेव्हा चोपन्न. म्हणजे माणसाची हातात जोर असायची सगळी वर्षं त्यांच्या वाद्याला रेडिओचं दार लागलेलं होतं. आणि त्या वर्षांत ते शिकवत राहिले. आपण गटात म्हणतो ना, बँकेने दार उघडलं नाही म्हणून बचत थांबवायची नसते. हे तसंच झालं.

आता साथ म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. आम्हालाही ते आत्ता आत्ता कळलं. आम्हाला वाटायचं, आपण गातो आणि मास्तर तेच वाजवतात. मास्तर हसले. म्हणाले, “तुम्ही गाताना मी तेच वाजवलं तर तुम्हाला तुमचा आवाज कसा ऐकू येईल? मी तुमच्या पाठीमागून चालतो.”

गाणं सुरू होण्याआधी ते षड्ज धरून ठेवतात. तेव्हा मुलांचं लक्ष नसतं, धक्काबुक्की चाललेली असते. ते काही बोलत नाहीत, सूर धरून ठेवतात, आणि हळूहळू मुलं शांत होतात. गाणं सुरू झालं की पेटीचा आवाज लहान. ओळ संपून मुलं श्वास घेतात, त्या जागेत ते दोन-चार सूर भरतात, म्हणजे गाणं पडत नाही. कुणाचा सूर उतरला तर हात वर करून थांबवत नाहीत. जो सूर हवा तोच जरासा मोठा करतात. पोराला कळतही नाही, आणि ते जागेवर येतं. एखाद्या मुलीने कडवं विसरून भलतंच उचललं, तर मास्तर तिच्याबरोबर तिकडे जातात आणि सगळ्यांना तिथे बोलावून घेतात.

पट्टीचंही असंच. पुरुषांची मंडळं बहुधा काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात. बायकांचा आणि मुलांचा गळा त्याहून वरचा, काळी चार, काळी पाच. २०१४ साली आमचं महिला भजनी मंडळ सुरू झालं तेव्हा आम्ही पुरुषांच्याच पट्टीत गात होतो, कारण तीच ऐकलेली. खालचे सूर लागायचे नाहीत, आवाज घशात अडकायचा. आम्हाला वाटायचं, आपल्याला गाताच येत नाही. दोन आठवडे मास्तरांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात न विचारता काळी चारवरून सुरुवात केली. त्या दिवशी आमचा आवाज आम्हीच पहिल्यांदा ऐकला. आम्ही त्यांना म्हटलं, आमच्यासाठी तुम्हाला बदलावं लागलं. ते म्हणाले, “गळा तुमचा, पट्टी तुमची. मला काय, बोटं सरकवायची.”

पण बोटं सरकवायची म्हणजे प्रत्येक चाल नव्या जागेवरून बसवायची. घरी रात्री दिव्याखाली त्यांनी ते केलं होतं. हे आम्हाला त्यांच्या मालकिणीने सांगितलं, तेही यंदा.

मास्तरांचा धंदा शिंप्याचा. दिवसा मशीन, संध्याकाळी पेटी. चाळीस वर्षांच्या वर झाली. शाळेची पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी त्यांनी चुकवली नाही. त्यांच्या हाताखाली गायलेल्या पोरी आता सासुरवाशिणी आहेत, काहींना नातवंडं झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला, तेव्हा शाळेची पेटी कपाटात होती आणि कपाट पाण्यात. पाणी उतरल्यावर सगळे आपापली घरं धुण्यात होते. मास्तरांचंही घर चिखलाने भरलेलं. तरी त्यांनी ती पेटी ओट्यावर उलगडली. लाकूड फुगलेलं, सरस सुटलेला. पितळेचे सूर एकेक काढून पुसले, सावलीत वाळवले. भाता मिरजेहून नवा घालून आणला. पुढच्या सव्वीस जानेवारीला मुलं त्याच पेटीवर गायली. पैसे कुणी दिले, हे तेव्हा आम्ही विचारलं नाही. आता विचारलं, तर ते म्हणाले, “जाऊ दे ओ बाई, झालं आता.”

गेल्या वर्षापासून त्यांची उजव्या हाताची बोटं आखडायला लागली. शिंपीकाम सुटलं, पेटी जेमतेम अर्धा तास चालते. एका कार्यक्रमाला ते येऊ शकले नाहीत, तेव्हा मोबाइलवर गाण्याचा ट्रॅक लावून मुलांना उभं केलं. चौथीतली एक मुलगी दुसऱ्या कडव्याला अडखळली. ट्रॅक तिच्यासाठी थांबला नाही. तो पुढे गेला, मुलं मागे राहिली, मुलगी रडत खाली उतरली. मागे बसून आम्ही पाहत होतो. मास्तर असते तर ती अडखळली होती हे कुणाला कळलंही नसतं. साथ म्हणजे काय, ते आम्हाला त्या दिवशी पटलं.

मग प्रश्न आला, मास्तरांनंतर कोण? गावात एकही हात तयार नव्हता. आणि मैत्रिणींनो, आम्ही इतकी वर्षं गातो, टाळ वाजवतो, पण पेटीसमोर बसावं असं आमच्यातल्या एकीलाही वाटलं नव्हतं. मास्तरांनी मनाई केली नव्हती, कुणीच केली नव्हती. पेटी पुरुषाने वाजवायची, हे आम्हीच मनात धरून बसलो होतो. तीस-तीस हजारांचं कर्ज सही करून घेणाऱ्या आम्ही, पट्टीला बोट लावायला लाजत होतो.

ग्रामसंघाच्या सभेत यावर बरीच बोलाबोली झाली. काही जणी म्हणाल्या, मास्तरांना मानधन द्या. काही म्हणाल्या, ती देवाची सेवा आहे, पैसा मध्ये आणू नका. एक जण फटकन बोलली, “मंडपवाल्यालाही देवाच्याच कार्यक्रमाचे पैसे देतो की आपण.” स्वतः मास्तर पैसे घ्यायला तयार नव्हते. शेवटी त्यांनीच वाट काढली. म्हणाले, “मला द्यायचं तर शिकायला माणसं द्या.”

तेव्हा दोन ठराव झाले. पहिला, शाळेच्या पेटीवर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी शिकवणी. तिला मंडळातल्या तिघी आणि शाळेतल्या पाच मुली बसतात. मास्तर शेजारी बसून तोंडाने सूर सांगतात, बोटं मुलींची. शिकवणीचं मानधन दर महिन्याला, आणि ते त्यांनी घ्यायचंच. दुसरा ठराव, इथून पुढे कुठल्याही कार्यक्रमाच्या खर्चात ‘साथ’ असा वेगळा रकाना. त्यात पेटी कोणी वाजवली, ढोलकी कोणी, मृदंग कोणी, हे नावासकट लिहायचं. पैसे दिले नसले तरी नाव लिहायचं.

आमची प्रगती फार झाली असं नाही. आमच्यातल्या एकीला अजून भाता आणि बोटं एकदम जमत नाहीत, हवा संपते आणि सूर मरतो. पण ती रडत खाली उतरलेली चौथीची मुलगी आता पाचवीत गेली आहे, ती शिकवणीला येते. परवा तिने शाळेच्या प्रार्थनेला पेटी धरली. एक मुलगा चुकीच्या जागी उठला, तर ती दोन मात्रा थांबली आणि त्याला घेऊन पुढे गेली. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली, एवढंच.

या बोलण्यात मास्तरांचं नाव घ्यायची आमची फार इच्छा होती. ते नको म्हणाले, म्हणून घेतलं नाही. पण वहीत लिहिलं आहे. मागच्या अकरा वर्षांतले जेवढे कार्यक्रम आठवले, तेवढ्यांपुढे शाईने लिहिलं आहे.

तुमच्या गावातही कुणीतरी असेल. काकड्याला पहाटे थंडीत पेटी घेऊन येणारं, शाळेच्या गाण्याला मागे बसणारं. आज घरी विचारा, आपल्या लहानपणी साथीला कोण होतं? नाव मिळालं तर लिहून ठेवा. ते अजून वाजवत असतील, तर एक मुलगी त्यांच्या शेजारी नेऊन बसवा.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू, तेव्हा पीक विम्याच्या कागदांबद्दल बोलायचं आहे. तोपर्यंत सगळ्यांना नमस्कार.